पावतीबुकाची दोन वर्षं

आमच्या युनियनला औद्योगिक न्यायालयाची मान्यता मिळाली त्याला आता बरेच दिवस झाले, तरी महिन्यातून एखादा फोन येतोच. सिन्नरहून, दिंडोरीहून, एकदा थेट रांजणगावहून आला होता. "ताई, आम्हाला युनियन करायचीय, सुरुवात कुठून करू?" प्रत्येकाला तासभर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढावं म्हटलं. मी वकील नाही. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत स्विचगिअर बनवणाऱ्या एका कंपनीत असेंब्ली लाइनवर आहे, आणि युनियनची खजिनदार. खजिनदार का, तर पहिल्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, "हिचं अक्षर बरं आहे."

सुरुवात बसवरून झाली. जानेवारी २०२२ मध्ये कंपनीने सिडकोकडून येणारी पहिल्या पाळीची बस बंद केली. पगारवाढ २०१९ पासून अडकलेली होतीच, पण तिच्याबद्दल लोक नुसते कुरकुरत होते. बस बंद झाली आणि सकाळी साडेसहाला रिक्षाचे पैसे रोज खिशातून जायला लागले, तेव्हा कुरकुर थांबली आणि लोक बोलायला लागले. मार्चमध्ये एका सहकाऱ्याच्या घरी, हळदीकुंकवाच्या निमित्ताने, आम्ही सतराजण बसलो. पुरुष मंडळी गच्चीवर, बायका खाली, आणि जिन्यावरून निरोपांची ये-जा.

पहिला वाद हाच की युनियन कुणाची. एक गट म्हणाला, मोठ्या संघटनेत जाऊ, त्यांचं ऑफिस आहे, वकील आहेत, गेटवर आले की मॅनेजमेंट दचकते. दुसरा म्हणाला, बाहेरचा नेता परस्पर करार करून मोकळा होईल. दोन्हीकडे खरी उदाहरणं होती. कायद्याने आम्हाला दोन्ही वाटा मोकळ्या होत्या, हे पुढे कळलं. स्वतःची युनियन काढली तरी पदाधिकाऱ्यांपैकी एक-तृतीयांश किंवा पाच, यातला जो आकडा लहान असेल तितके लोक बाहेरचे घेता येतात. आम्ही स्वतःची काढायची ठरवली आणि सल्ल्याला एक वकीलबाई धरल्या. हेच बरोबर असं मी कुणाला सांगणार नाही. आमच्या पहिल्या सहा महिन्यांतल्या निम्म्या चुका जुन्या संघटनेने केल्या नसत्या.

त्या रात्री साताऱ्याला आण्णांना फोन केला. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. ८२ च्या संपानंतर गावी परतले ते कायमचे. मुंबईच्या कापड गिरण्यांना १९४६ चा औद्योगिक संबंध कायदा लागू होता. त्यात एका भागातल्या एका धंद्याची एकच 'प्रातिनिधिक युनियन', मालकाशी करार करायचा तर तिनेच. ती जागा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले, पण कायद्याच्या लेखी त्यांच्या वतीने बोलणारा वेगळाच होता. संपाच्या मागण्यांत हा कायदा रद्द करा हीही एक मागणी होती. आण्णा एरवी त्या दिवसांबद्दल बोलत नाहीत. त्या रात्री एवढंच म्हणाले, "समदी माणसं डॉक्टरच्या मागं, आन् कागद दुसऱ्याकडं. गर्दीवर जाऊ नगं बाई. कागद कुणाकडं हाय ते बघ."

नोंदणीचा कागद तुलनेने सोपा होता. तेव्हाच्या १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याप्रमाणे अर्जाला किमान सातजण लागत, आणि २००१ च्या दुरुस्तीनंतर आस्थापनेतले दहा टक्के किंवा शंभर, यातलं जे कमी असेल तितके सभासद. आमच्याकडे २१२ कायम कामगार, म्हणजे २२ पुरले असते. आम्ही ४१ सह्या घेतल्या, कारण दोन-चारजण ऐनवेळी मागे हटणार हे गृहीत धरलं होतं. तिघे हटलेही. सर्वसाधारण सभेचा ठराव, पदाधिकाऱ्यांची यादी वय, हुद्दा आणि पत्त्यासह, सभासदांची यादी, आणि युनियनची घटना. १८ एप्रिल २०२२ ला निबंधकांकडे, म्हणजे युनियनची नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, अर्ज गेला. टायपिंग, झेरॉक्स, नोटरी मिळून साडेतीन हजारांच्या आत भागलं. कॉम्प्युटरवर अर्ज भरला तरी मूळ कागद दाखवायला जावं लागलंच. चार फेऱ्या, चार अर्ध्या सुट्ट्या.

२७ मेला त्रुटीचं पत्र आलं. आम्ही घटना दुसऱ्या एका युनियनची पाहून उतरवली होती आणि उतरवताना एक कलम गाळलं होतं: सभासदांना हिशेबाची वही तपासता आली पाहिजे. खजिनदार मी, आणि नेमकं तेच कलम गळालेलं. टेबलापलीकडचे साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "मॅडम, वही दाखवायची नाही का कुणाला?" मला हसू आलं नाही. पुन्हा सभा, पुन्हा ठराव, पुन्हा सह्या. घटना उतरवून घ्यायची तर घ्या, पण तिच्यात काय काय हवं याची कायद्यातली यादी (तेव्हा ती सहाव्या कलमात होती) शेजारी ठेवा आणि एकेक मुद्द्यावर टिकमार्क करा. निधी कशावर खर्च करणार, तो सुरक्षित कसा ठेवणार, दरवर्षी ऑडिट, नियमात बदल कसा करणार, युनियन विसर्जित कशी होणार, सगळं त्यात आहे.

याच काळात अर्जदार खरोखर कामाला आहेत का, हे विचारणारं पत्र कंपनीकडे गेलं. म्हणजे आमची नावं मॅनेजमेंटच्या टेबलावर. त्या आठवड्यात माझी झोप गेली होती. नवऱ्याने एकदाच विचारलं, "नोकरी गेली तर?" मी म्हटलं, "बघू." खरं तर काय बघणार होते कुणास ठाऊक, घराचा हप्ता माझ्या पगारातून जात होता. म्हणून सांगते, नोंदणीचा अर्ज गुप्त राहील या भरवशावर राहू नका. सही करणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवा.

१२ सप्टेंबर २०२२ ला नोंदणी प्रमाणपत्र हातात आलं. पेढे वाटले, गेटबाहेर फोटो काढला, आणि दुसऱ्या दिवशी एचआरकडे चर्चेसाठी पत्र घेऊन गेलो. एचआरच्या साहेबांनी चहा पाजला आणि म्हणाले, "अभिनंदन. पण तुमची युनियन नोंदणीकृत आहे, मान्यताप्राप्त नाही." पत्र घेतलं, पोच दिली नाही.

संध्याकाळी तणतणत वकीलबाईंकडे गेलो. संघटना करण्याचा हक्क राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमात आहे ना, मग हे कोण अडवणारे? त्यांनी शांतपणे समजावलं. संघटना काढायचा, हव्या त्या संघटनेत जायचा हक्क घटनेने दिलाय. मालकाने त्या संघटनेशी बोललंच पाहिजे, हे त्या हक्कात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच बँक कर्मचाऱ्यांच्या खटल्यात म्हटलंय. १९२६ चा कायदा नोंदणीपुरता. मालकाला बोलायला लावायचं तर महाराष्ट्रात १९७१ चा कायदा आहे. त्याचं पूर्ण नाव एका दमात म्हणता येत नाही. सगळे एमआरटीयू-पल्प म्हणतात. पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथे, अर्जाच्या महिन्याच्या आधीचे सलग सहा महिने किमान तीस टक्के कामगार तुमचे सभासद असल्याचं औद्योगिक न्यायालयात सिद्ध करायचं. "सहाच्या सहा महिने," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून, "आता सगळं तुमच्या पावतीबुकावर आहे."

आमचं पावतीबुक म्हणजे मेन रोडच्या स्टेशनरीच्या दुकानातलं, पिवळ्या कव्हरचं, शंभर पानी, कार्बन घालून लिहायचं. वर रबरी शिक्का. वर्गणी महिना पन्नास रुपये. ऑक्टोबर २०२२ ला पहिली पावती फाडली ती माझ्याच नावाची. त्या महिन्यात ९२ पावत्या झाल्या. तीस टक्के म्हणजे ६४. आम्ही हवेत होतो.

मग डिसेंबर आला. तीन वर्षं अडकलेली पगारवाढ अचानक सुटली, पण सगळ्यांना एकदम नाही. एकेकाला केबिनमध्ये बोलावून पत्र दिलं जाऊ लागलं, आणि पत्र देताना गप्पा: "तुला कशाला पाहिजे ते युनियनचं लफडं?" आठवडाभरात युनियनकडे नऊ राजीनामे आले. मी ते टेबलावर ओळीने मांडले. नऊही टाइप केलेले, नऊही एकाच फॉन्टमध्ये, आणि नऊच्या नऊ पत्रांत 'राजीनामा' हा शब्द 'राजिनामा' असा ऱ्हस्व. खाली सह्या मात्र नऊ वेगवेगळ्या, त्यातली एक माझ्या शेजारच्या फिक्श्चरवर बसणाऱ्या मैत्रिणीची. तिची मुलगी त्या वर्षी बारावीला होती. तिच्यावर मी रागावले नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. दोन महिने आम्ही डबा वेगळा खाल्ला.

त्याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत मालकाच्या अनुचित कामगार प्रथा दिल्यात. युनियनमध्ये गेलात तर काढून टाकू अशी धमकी देणं, युनियन उभी राहत असताना तिला खिळखिळी करायला ऐन वेळी पगारवाढ देणं, मालकाने स्वतःची युनियन उभी करणं, एका युनियनला झुकतं माप देणं, सगळं तिथे स्पष्ट लिहिलंय. ती अनुसूची मराठीत मिळवा आणि मोठ्याने वाचा. आमच्या सभेत वाचली तेव्हा लोक मध्येच म्हणायला लागले, "अरे, हे तर परवा झालं!" तिसरी अनुसूची मात्र युनियनसाठी आहे, आणि तीही वाचा. आमच्या काही पोरांनी पावती न फाडणाऱ्या एका काकांशी बोलणं टाकलं होतं, त्यांच्या गाडीची हवा सोडली होती. वकीलबाई कडाडल्या. सभासद न होण्याचाही त्यांना तितकाच हक्क आहे, आणि जबरदस्ती केलीत तर तीही अनुचित प्रथाच. पोरांनी काकांची माफी मागितली. काका शेवटपर्यंत सभासद झाले नाहीत.

जानेवारी २०२३ मध्ये आमच्या सरचिटणीसाची बदली परराज्यातल्या गोडाउनवर निघाली. टूलरूमचा माणूस, गोडाउनवर काय करणार? बोलणी करून बघू, साहेबांना भेटू, यात आम्ही पंधरा दिवस घालवले. ते करू नका. तक्रारीला नव्वद दिवसांची मुदत असते आणि दिवस भराभर जातात. तक्रार दाखल केली, सोबत अंतरिम आदेशाचा अर्ज. पुरावा म्हणून बदलीचं पत्र, त्याची युनियनमधली पदाची नोंद, आणि आमच्या पत्रांच्या पोचा. एचआरने पोच नाकारायला सुरुवात केल्यापासून आम्ही प्रत्येक पत्र रजिस्टर पोस्टाने धाडत होतो. पोस्टाच्या त्या गुलाबी-पांढऱ्या चिठोऱ्या मी बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या होत्या, त्या कामी आल्या. तीन आठवड्यांत बदलीला स्थगिती मिळाली. वकिलांची फी पंधरा हजार. तक्रारीचा निकाल लागायचा तेव्हा लागो, माणूस अंबडमध्ये राहिला हे महत्त्वाचं.

फेब्रुवारीत एकाला चार्जशीट मिळालं. मान्यता नसलेल्या युनियनलाही सभासदाच्या वतीने खात्यांतर्गत चौकशीत उभं राहता येतं आणि निलंबन, बडतर्फीबद्दल मालकाशी बोलता येतं, हे फार जणांना माहीत नसतं. आम्ही चौकशीत बसलो. समोरच्यांना ते अजिबात आवडलं नाही. त्याच महिन्यात कॅन्टीनमध्ये दुसऱ्या एका युनियनची पावतीबुकं फिरायला लागली. कामाच्या वेळेत, सुपरवायझरच्या डोळ्यांदेखत.

एप्रिल २०२३ मध्ये मान्यतेचा अर्ज केला. ऑक्टोबर ते मार्च असे सहा महिने, ८३ सभासद. न्यायालयाने नोटीस काढली, ती कंपनीच्या बोर्डावर लागली, दुसऱ्या युनियनने हरकत घेतली, कंपनीने उत्तराला वेळ मागितला, मग आणखी वेळ मागितला. उन्हाळा असाच गेला. जुलैत तपास अधिकारी आले पडताळणीला. सभासद नोंदवही, पावत्यांची स्थळप्रत, बँकेचं पासबुक, सभेचं इतिवृत्त आणि कंपनीचा हजेरीपट, सगळं शेजारी शेजारी ठेवून एकेक नाव. दोन दिवस मी त्या खोलीत बसून होते. साहेब बोट ठेवायचे, मी स्थळप्रत काढायचे.

आणि तिथे माझी चूक निघाली. जानेवारीत संक्रांतीच्या गडबडीत अकराजणांनी वर्गणी दिलीच नव्हती. फेब्रुवारीत त्यांनी एकदम शंभर दिले आणि मी एकच पावती फाडली, 'जाने.-फेब्रु. १००/-', तारीख फेब्रुवारीची. मला ते सरळ वाटलं होतं. दुसऱ्या युनियनच्या वकिलांनी त्या पावतीवर बोट ठेवून विचारलं, "जानेवारीत हे सभासद होते याचा पुरावा काय?" माझ्याकडे नव्हता. अकरा नावं गेली. वर चारजण मधल्या काळात सुपरवायझर झाले होते. त्यांच्या हाताखाली माणसं दिलेली, त्यामुळे कामगार म्हणून तेही गळले. ८३ चे ६८ झाले. लागत होते ६४.

चार माणसं. त्या रात्री मी स्वयंपाकघरात सगळी बुकं पुन्हा चाळली, आणखी कुठे घोळ तर नाही ना म्हणून. एका बुकाच्या मागच्या कव्हरवर धाकट्याने बैल काढला होता, चार पाय आणि शिंगं, बाकी सगळं ठीक. म्हणून सांगते: महिन्याची पावती त्या महिन्यातच फाडा. कुणाकडे पैसे नसतील तर कुणीतरी उसने द्या, पण पावतीवर तारीख त्या महिन्याची हवी. मागची तारीख टाकायचा मोह तर अजिबात नको. पावत्यांच्या क्रमांकांची ओळ बिघडली की लगेच दिसतं. दर महिन्याला वर्गणी बँकेत भरा, म्हणजे पासबुक आणि पावत्या एकमेकांची साक्ष देतात. पदाधिकाऱ्यांची सभा तीन महिन्यांच्या आत झालीच पाहिजे आणि इतिवृत्तात सह्या हव्यात.

पुढचे आठ महिने सुनावण्यांचे. कधी न्यायाधीश रजेवर, कधी समोरचे वकील, एकदा आमच्याच वकीलबाईंच्या घरी लग्न. मला कोर्टाची भीती वाटायची ती तिसऱ्या तारखेपर्यंत. नंतर चहा कुठे चांगला मिळतो हेच लक्षात राहिलं. १४ मार्च २०२४ ला आदेश झाला. तपास अधिकाऱ्यांचा अहवाल ग्राह्य, हरकत फेटाळली, आमच्या युनियनला मान्यता. मी फर्स्ट शिफ्टला होते. फोन लॉकरमध्ये, त्यामुळे साडेतीनला कळलं. माझी ती शेजारची मैत्रीण गेटवर थांबली होती. काही बोलली नाही, पन्नासची नोट पुढे केली. मार्चची पावती.

दोन वर्षांचा एकूण खर्च अठ्ठ्याहत्तर हजारांच्या घरात गेला. निम्म्याहून जास्त मान्यतेच्या केसला, तेही हप्त्याने. वर्गणीत सगळं भागलं नाही. नऊजणांनी पदरचे घातले, ते अजून फेडतोय. बुडालेल्या अर्ध्या सुट्ट्या यात धरलेल्या नाहीत.

आता कॅन्टीनच्या दाराशी आमचा बोर्ड आहे आणि ज्यांनी लेखी संमती दिली त्यांची वर्गणी पगारातून कापून येते. मागणीपत्रावर बोलणी झाली, पगाराचा करार झाला. बस अजून आलेली नाही. दरवेळी बैठकीत विषय निघतो, दरवेळी 'पुढच्या तिमाहीत'. एक भानगड नव्या खजिनदारांनी लक्षात ठेवावी: निबंधकांकडे पाठवायचा वार्षिक हिशेब आम्ही जानेवारी ते डिसेंबरचा दिला, कायद्यात ३१ डिसेंबरला संपणारं वर्ष होतं म्हणून. आमच्या सीएने आधी एप्रिल-मार्च धरून केला होता, तो सगळा पुन्हा करावा लागला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि १९२६ चा जुना कायदा तिच्यात गेला. त्यामुळे वरची कलमं पाठ करून जाऊ नका, त्या दिवशी काय लागू आहे ते विचारून जा. संहितेत एकाहून जास्त युनियन असतील तर हजेरीपटावरचे ५१ टक्के ज्यांच्याकडे ती वाटाघाटी करणारी युनियन. तेवढे कुणाकडेच नसतील तर वाटाघाटी मंडळ, त्यात २० टक्क्यांमागे एक प्रतिनिधी. म्हणजे आमच्यासारखी, तीस टक्क्यांच्या वर जेमतेम चार माणसांनी निभावलेली युनियन तिथे एकटी वाटाघाटी करू शकणार नाही. आमचे सध्या १४१ सभासद आहेत, तरी मी पगारातून कापणी होऊनही सगळ्यांच्या पावत्या फाडते. लोक हसतात.

एक गोष्ट राहून गेली, आणि ती आमच्याकडूनच राहिली. लाइनवर आमच्याच शेजारी, तेच स्क्रू आवळणाऱ्या तीनशेच्या आसपास कॉन्ट्रॅक्टच्या मुली आहेत. आमच्या घटनेत आम्ही सभासद म्हणून 'कायम कामगार' असं लिहिलं, कारण तेव्हा कोर्टात मोजणी सोपी हवी होती. त्यांचा मालक कागदावर ठेकेदार, आणि मालक कोण यावरच वाद असेल तर अनुचित प्रथेची तक्रार चालत नाही, असं २००१ मध्ये सिप्लाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलेलं. वकीलबाईंनी ते सांगितल्यावर आम्ही तो विषय बाजूला ठेवला, तो तीन वर्षं तसाच राहिला. मागच्या महिन्यात पॅकिंगच्या एकीने माझ्यासमोर पन्नासची नोट धरली, "ताई, माझीपण फाडा ना." मला घ्यायला आली नाही. आमच्या घटनेतलं ते कलम चार बदलायचं तर सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल आणि बदल निबंधकांना कळवावा लागेल. सभा येत्या रविवारी, सकाळी दहाला. विरोध होणार आहे, तोही आमच्याच जुन्या लोकांचा. ठरावाचा मसुदा मी लिहितेय.